अंगण खरंच वाकडं असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण ज्याने कोणी काढली, त्याने एकही रात्र मोटरहोममध्ये काढलेली नसणार, हे नक्की. कारण तिथे अंगण खरंच वाकडं असतं. आणि त्या अंगणात नुसतं नाचायचं नसतं. झोपायचं असतं, चहा करायचा असतं, आंघोळ करायची असते, झालंच तर नवऱ्याशी भांडायचंही असतं!

मोटरहोमचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. निळंशार तळं, मागे डोंगर, गाडीच्या दारात पाय सोडून बसलेली पोरगी आणि हातात वाफाळता मग. सॉलिड ना? ऑफिसात सोमवारी सकाळी असा फोटो बघितला की रेझिग्नेशन टाइप करायला हात शिवशिवतात. पण त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही. त्या पोरीने मग खाली ठेवला असता, तर तो घसरत तळ्यात गेला असता की नाही?

युरोपात गाडी उभी करायच्या बहुतेक जागा म्हणजे कुणाचं तरी कुरण, नदीकाठची पट्टी नाहीतर गावाबाहेरचा पार्किंग लॉट. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून या जागांना मुद्दामच थोडा उतार दिलेला असतो. कारमध्ये बसून तो कळतही नाही. पण त्याच उतारावर आडवं होऊन बघा. रात्री दोन वाजता बायको नवऱ्याच्या अंगावर आणि नवरा भिंतीवर!

किती उतार म्हणजे उतार?

थोडं गणित करू या. घाबरू नका, दहावीचंच आहे. मोटरहोमच्या डाव्या आणि उजव्या चाकांत साधारण १.८ मीटर अंतर असतं. गाडी एका बाजूला १ अंश कलली, तर त्या बाजूची चाकं सुमारे ३ सेंटिमीटर खाली असतात. ३ अंशांना साडेनऊ सेंटिमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांत मात्र चार मीटर असतात (युरोपातल्या बऱ्याच मोटरहोम ज्या फियाट डुकाटोवर बांधतात, तिच्या लांब मॉडेलचं हे माप), म्हणून तिथे १ अंशालाच ७ सेंटिमीटर लागतात. थोडक्यात, आडवा कल सुधारणं सोपं आणि उभा कल सुधारणं कठीण. म्हणून अनुभवी मंडळी गाडी लावतानाच आधी नाक कुठे ठेवायचं ते ठरवतात आणि मग आडव्या कलाकडे वळतात.

कलाचे त्रास कोणते? एक, झोप. डोकं पायांपेक्षा खाली असेल तर सकाळी ते जड झालेलं असतं. दोन, स्वयंपाक. तव्यावर घातलेलं धिरडं एका काठाला कागद आणि दुसऱ्या काठाला भाकरी होतं. तीन, बाथरूम. पाणी जायचं भोक एका कोपऱ्यात आणि साबणाचं तळं दुसऱ्या कोपऱ्यात. दारं आपोआप उघडतात, ड्रॉवर मिटत नाहीत. हे सगळं एखादी रात्र हसून नेता येतं.

पण चौथा त्रास हसून नेण्यासारखा नाही. तो म्हणजे फ्रीज.

गॅसवर चालणारा फ्रीज

आपल्या घरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो घरघरतो आणि गारवा मिळतो. पुष्कळशा मोटरहोममध्ये मात्र वेगळाच प्राणी असतो. तो चक्क आगीवर थंड होतो! स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली हा फंडा शोधला आणि १९२५पासून इलेक्ट्रोलक्सने तो बाजारात आणला. यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांमध्ये फिरत असतात. खाली छोटीशी गॅसची ज्योत किंवा विजेची कॉइल तापते, अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन द्रव बनते आणि फ्रीजच्या आत पुन्हा वाफ होताना गारवा देते. मग पाणी तिला शोषून परत खाली आणतं. ना मोटर, ना पंप, ना आवाज. गावात वीज नसली तरी एलपीजीच्या सिलिंडरवर हा पठ्ठ्या दिवसच्या दिवस चालतो.

मग आतलं द्रव फिरतं कसं? नुसत्या उतारावरून. नळ्यांना जो बारीक उतार दिलेला असतो, त्यावरून ते आपल्या वजनाने वाहतं. आता अख्खी गाडीच कलली तर? नळ्यांचा उतार बिघडतो, द्रव नको तिथे साचतं आणि खाली ज्योत जळत असूनही वर गारवा मिळत नाही. बरेच उत्पादक कलाची मर्यादा ३ अंशांच्या आसपास सांगतात. फार काळ वाकड्यात चालवला तर हा फ्रीज कायमचा बिघडूही शकतो. गाडी चालू असताना हा प्रश्न येत नाही, कारण हलण्याने द्रव एका जागी साचून राहत नाही. प्रश्न येतो तो उभ्या गाडीत, रात्रभर.

(नव्या गाड्यांमध्ये बॅटरीवरचे कॉम्प्रेसर फ्रीज वाढलेत. त्यांना कलाचं एवढं वावडं नसतं. म्हणून गाडी भाड्याने घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, ‘फ्रीज कुठला?’)

मोझेल नदीकाठी सासरेबुवा

आमची एक मैत्रीण नवऱ्याबरोबर फ्रँकफर्टला असते. (नाव नको, तिच्या सासूबाई हे सदर वाचतात!) मागच्या उन्हाळ्यात सासू-सासरे डोंबिवलीहून तीन महिन्यांसाठी गेले होते. सासरे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले ज्युनिअर इंजिनीअर. पंधरा वर्षं डायबेटिस, रोज इन्सुलिन. मोटरहोमचा बेत ठरला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘तुम्ही तिघं जाऊन या. माझं औषधांचं लटांबर कुठे बरोबर घेता? मी राहतो घरी.’

आपल्या घरातल्या मोठ्यांचं हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. वरवर ‘मला काय, मी मजेत’ आणि आतून ‘मी तुमच्या आनंदाच्या आड येतोय.’ मैत्रिणीने ऐकलं नाही. ‘बाबा, गाडीत फ्रीज आहे. तुमचं इन्सुलिन तुमच्याआधी गाडीत बसेल,’ असं सांगून तिने त्यांना तयार केलं.

पहिला मुक्काम मोझेल नदीच्या काठी, कोखेमजवळ. जर्मनीत गावोगावी मोटरहोमसाठी अशा राखीव जागा असतात, ‘श्टेलप्लाट्झ’ म्हणतात त्यांना. दोन्ही बाजूंना द्राक्षमळ्यांचे उभे डोंगर. युरोपातला सगळ्यात तीव्र उताराचा मानला जाणारा ‘काल्मोंट’ हा मळा याच नदीवर आहे. पार्किंगलाही नदीच्या दिशेने उतार होता. गाडी लागली, पिठलं-भात झाला, सगळे झोपले. फ्रीज गॅसवर.

सकाळी सासूबाई दूध काढायला गेल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, हे गार कुठंय?’ आतला थर्मामीटर १३ अंश दाखवत होता. इन्सुलिनची न उघडलेली पेनं राहायला हवीत २ ते ८ अंशांत.

सासरे काही बोलले नाहीत. फक्त बॅग भरायला लागले. ‘तुम्ही मला ट्रेनमध्ये बसवून द्या,’ म्हणाले. मैत्रीण सांगते, त्या पाच मिनिटांत कुणालाच कुणाकडे बघवेना.

तेवढ्यात टेबलावरचं संत्रं घरंगळत सासऱ्यांच्या पायाशी आलं. ते त्यांनी उचललं, परत टेबलावर ठेवलं, पुन्हा घरंगळलं. आणि एकदम त्यांच्यातला पीडब्ल्यूडीवाला जागा झाला. ‘अरे, गाडी लेव्हलला नाहीये! पाणसळ आहे का कुणाकडे?’

पाणसळ म्हणजे गवंड्याची ती बुडबुड्याची पट्टी. ती नव्हती, पण मुलाच्या मोबाइलमध्ये लेव्हलचं अ‍ॅप होतं. फोन जमिनीवर ठेवला, आडवा कल साडेतीन अंश. म्हणजे नदीकडची दोन्ही चाकं साधारण ११ सेंटिमीटर खाली.

शेजारच्या गाडीतले एक जर्मन आजोबा हा सगळा गोंधळ बघत होते. त्यांनी आपल्या डिकीतून घडी केलेल्या दोन काळ्या उशा काढून आणल्या. रबरी ताडपत्रीसारखं जाड कापड, एका टोकाला नळी. वीस मिनिटांनी गाडीची नदीकडची बाजू ९ सेंटिमीटर वर आली होती आणि फोन पाऊण अंशाच्याही आत दाखवत होता. पंपाचं बटण आजोबांच्या हातात आणि हुकूम सासऱ्यांचा. ‘अजून जरा… अजून… बास!’ एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला जर्मन. काहीच अडलं नाही.

फ्रीज सावकाश गार झाला. हे फ्रीज सावकाशच गार होतात, कित्येक तास घेतात. गावातल्या औषधाच्या दुकानात विचारलं तर उत्तर औषधाच्या पत्रकातलंच मिळालं. एका रात्रीच्या १३ अंशांनी इन्सुलिन खराब होत नाही. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, फक्त बॉक्सवर तारीख लिहायची आणि तेच आधी वापरायचं. नक्की दिवस आणि तापमान प्रत्येकाच्या पत्रकात दिलेलं असतं. सासूबाईंनी शहाणपणाने अर्धा साठा फ्रँकफर्टच्या घरीच ठेवला होता, त्यामुळे तोही घोर नव्हता. ट्रेनचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट पुढच्या प्रत्येक मुक्कामावर गाडी लागली की सासरे आधी खाली उतरायचे. बाकीच्यांनी त्यांच्या हुकमाची वाट बघायची.

हवेत एवढा दम?

मुलाला पडलेला प्रश्न तुम्हालाही पडला असेल. साडेतीन टनांची गाडी आणि ती हवेच्या उशीवर?

का नाही? एका चाकावर समजा ९०० किलो भार आहे. उशीचा चाकाखाली दबलेला भाग ३० बाय २० सेंटिमीटर धरला तर ६०० चौरस सेंटिमीटर झाले. ९०० भागिले ६०० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो. पंपवाल्याच्या भाषेत सुमारे २१ पीएसआय. तुमच्या कारच्या टायरमध्ये याहून जास्त हवा असते, बॉस! दाब थोडा, पण क्षेत्रफळ मोठं, एवढीच काय ती जादू. अपघातात गाडीखाली अडकलेल्या माणसाला सोडवायला फायर ब्रिगेडवाले हवेच्या पिशव्या वापरतात, त्यांचं तत्त्वही हेच. फक्त त्या कैक पट दाबाच्या असतात.

आधीचे उपाय काय होते? सगळ्यात जुना म्हणजे लाकडाची फळी. मग आले पायऱ्यांचे प्लास्टिकचे उतार. चाकापुढे ठेवायचे आणि गाडी वर चढवायची. स्वस्त आणि टिकाऊ, पण यातच संसार मोडायची वेळ येते. एकजण स्टिअरिंगवर, एकजण बाहेर. ‘ये, ये, ये… थांब! अगं पुढे गेलीस!’ पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दुसऱ्या टोकाला आहेत हायड्रॉलिक पाय. बटण दाबलं की गाडी स्वतःच सपाट. पण किंमत काही हजार युरो आणि गाडीचं वजनही वाढतं. वजनाची मर्यादा असलेल्या गाडीत दर किलो मोजावा लागतो.

उशी या दोघांच्या मधली. रिकाम्या उशीवर गाडी अलगद आणायची, थांबवायची आणि मग हवी तेवढीच उचलायची. चार सेंटिमीटर हवेत तर चार, सात हवेत तर सात. काम झालं की घडी करून कपाटात.

करायचं कसं?

आधी कल मोजा. फोन पलंगावर नाही, जमिनीवर किंवा टेबलावर ठेवा. मोबाइलचं कव्हर काढा, कॅमेऱ्याचा उंचवटा टाळा, नाहीतर फोनच वाकडा बसायचा. खालच्या बाजूच्या चाकांसमोर जमीन साफ करा. एक टोकदार खडा उशीचा घात करायला पुरेसा असतो. खाली रबरी मॅट घातलीत तर उत्तम.

उशी सपाट पसरा आणि चाक तिच्या बरोबर मध्यावर आणा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर ‘पार्क’ला), इंजिन बंद करा. ज्या चाकांखाली उशी नाही, त्यांना पुढून-मागून ओटी लावा. आतली मंडळी बाहेर काढा. मग बारा व्होल्टच्या पंपाने हवा भरा. दोन उशा असतील तर आळीपाळीने, थोडी इकडे, थोडी तिकडे. सपाट झाली की झडप बंद. गाडीच्या कोपऱ्यांना आधाराचे पाय असतील तर ते सगळ्यात शेवटी टेकवा. ते डुलणं थांबवायला असतात, गाडी उचलायला नाही.

निघताना उलटा क्रम. आधी आधाराचे पाय वर, मग हवा पूर्ण सोडायची, मग ओटी काढायची आणि मग चाक फिरवायचं. फुगलेल्या उशीवरून गाडी कधीही काढायची नाही. विसरायची भीती असेल तर उशी लावल्यावर स्टिअरिंगला कपड्याचा चिमटा लावून ठेवा. साधा उपाय आहे, पण चावी फिरवण्याआधी हात तिथे जातोच.

रात्री थोडी बसली, तर?

संध्याकाळी २५ अंश आणि पहाटे ५ अंश, असं युरोपात सहज होतं. गार झाली की हवा आकसते. या फरकाने उशीतल्या हवेचं आकारमान सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे ८ सेंटिमीटर फुगलेली उशी पहाटे अर्ध्या सेंटिमीटरने बसलेली असेल. कलात फरक जेमतेम ०.२ अंश. फ्रीजला कळणारही नाही. मात्र सकाळपर्यंत पार सपाट झाली असेल तर ती थंडी नव्हे, झडप किंवा भोक आहे, हे समजा. उलट, दुपारच्या उन्हात हवा फुगते, म्हणून उशी शेवटच्या मर्यादेपर्यंत ठासून भरू नका.

तोटेही सांगायला हवेत. गाडीत कुणी चाललं तर हलका पाळणा जाणवतो. काहींना त्यात छान झोप लागते, काहींना लागत नाही. भारी वाऱ्यात डोलणं वाढतं. आठवडाभराच्या मुक्कामाला प्लास्टिकचे उतार बरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही उशी म्हणजे जॅक नाही. तिच्यावर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. टायर बदलायला नाही, खाली गेलेला बॉल काढायला नाही, कशालाच नाही. पोरं बरोबर असतील तर हे त्यांना आधी सांगा आणि दोनदा सांगा.

आपल्याकडे

महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून ‘कोकणात गाडीतच राहू या’ असं म्हणणारे मित्र तुमच्याही ग्रुपवर असतील. कोकणातलं अंगण किती सपाट असतं, ते वेगळं सांगायला नको. इथे उशीचा एक जादा फायदा आहे. ओल्या मातीत टायर रुततो, कारण मोटरहोमच्या टायरमध्ये हवेचा दाब भरपूर असतो आणि तेवढाच दाब जमिनीवर येतो. उशी तोच भार जास्त जागेवर पसरते. पण जांभ्याचे टोकेरी दगड आधी उचला, नाहीतर पहिल्याच रात्री फुस्स!

बॅगेत टाका

• फ्रीजसाठी छोटा थर्मामीटर. ‘गार वाटतंय’ हे माप नव्हे.

• फ्रीज निघायच्या आदल्या रात्रीच चालू करा.

• इन्सुलिन फ्रीजरला किंवा मागच्या गार पट्टीला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

• पाण्यात भिजवून वापरायची कूलिंग पाऊच. माठाच्याच तत्त्वावर चालते, फ्रीज रुसला तरी वापरातलं पेन सांभाळते.

• उशीवर लिहिलेली भारमर्यादा आणि तुमच्या गाडीच्या एका चाकावरचा भार, दोन्ही जुळवून बघा. दुकानात, रस्त्यात नाही.

साधारण शंभर-दोनशे युरोंची वस्तू. नसली तरी ट्रिप होते, फोटो निघतात, लाइक्स मिळतात. पण घरातलं एखादं माणूस ‘माझ्यामुळे तुमची अडचण नको’ म्हणून दारातच थांबत असेल, तर त्याला गाडीत बसवायला कधीकधी मोठी भाषणं लागत नाहीत. ९ सेंटिमीटर हवा पुरते.

पुढच्या आठवड्यात बोलू या, मोटरहोममधल्या चार बाय चारच्या किचनमध्ये सासू-सुनेने एकत्र कसं उभं राहायचं याबद्दल. त्याला मात्र अजून कुणी उशी शोधलेली नाही!